वास

आठ दिवस धुतोय.
आधी साध्या पाण्यानं, मग सोड्यानं,
मग कोणीतरी सांगितलं म्हणून आमसुलाच्या आगळानं,
मग लिंबं. शिवोलीच्या बाजारातली, बारीक, चाळीस.
हौद्याच्या पत्र्यावर उकिडवा बसून
सोडणानं घासताना
खवले निघाले. अकरा वर्षांपूर्वीचेही असतील,
नखाएवढे, अजून चमकणारे.
वास निघाला नाही.

सुलक्षा म्हणाली, बाबा, पुरे.
कपाटाला काय नाक आहे?

पण कपाटात तिचे कपडे आहेत.
सोमवारी इटारसीच्या इंजिन शेडमध्ये हजर व्हायचंय तिला,
आणि पहिल्याच दिवशी कोणी म्हणायला नको.
काय म्हणायला नको, ते मी बोललो नाही.
शाळेत एकदा म्हणाले होते.
त्या दिवशी न्हाणीत साबणाची अख्खी वडी संपवली होती तिनं.
तिला आठवत नसेल.

कोलवाळला कायतानकडे गाडी दोन दिवस होती.
चासीवर मिठानं खाल्लेली जागा त्यानं टोचून दाखवली,
पापडासारखी मोडली.
"बर्फाचं पाणी, पात्राव.
लोखंडाला हे दारूपेक्षा वाईट."
पट्टी जोडली, वर काळा रंग.
मागच्या पाट्यांना एक जादा पान,
ऑइल, दोन्ही फिल्टर, पंख्याचा पट्टा,
मागचे दोन टायर नवे, पुढचे नवे म्हणण्यासारखे.
मग सुलक्षा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरली
आणि आतूनच हाताखालच्या पोराला म्हणाली,
टॉर्क किती दिलास?
तो कायतानकडे बघायला लागला,
कायतान माझ्याकडे,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

खरं सांगायचं तर भीती मला आहे, गाडीला नाही.
आंबोलीच्या वर मी एकदाच गेलोय,
बेळगावला, बर्फाच्या मशीनचा सुटा भाग आणायला.
बाकी रोज पहाटे मालीमची जेटी ते आगरवाडा,
एवढीच आम्हा दोघांना माहीत असलेली पृथ्वी.
आता वहीत लिहिलंय:
निपाणी, सातारा, पुणे, नगर, जळगाव, बऱ्हाणपूर, खंडवा, हरदा.
हरदा तीनदा वाचलं.
तिथंही कोणी पहाटे उठून काहीतरी विकत असेल.

जॅक, जॅकखाली ठेवायला फळी,
पाण्याचे दोन कॅन, काथ्याचा दोर, नवी ताडपत्री.
तराजूची कडी काढायला गेलो,
तर ती गंजून पत्र्याशी एकजीव झालेली.
पाना घसरून बोट सोललं.
राहू दे म्हटलं.
कपाटाचा दोर शेवटी तिलाच बांधला.

शुक्रवारी, साडेचार.
तिची आई दारात उभी होती, बोलली नाही,
टायरखाली लिंबू ठेवून आत गेली.
एवढ्या लिंबांतून एक तिनं वाचवलं होतं.

पिंपळाच्या वळणावर
हात आपला आपणच भोंग्यावर गेला.
पों, पों.
आधी मांजरं आली, शेपट्या उभ्या.
मग एकेक दिवा लागला,
मग ताटल्या घेऊन बायका.
प्रेमावती ताटली धरून
कपाटाकडे, गादीच्या वळकटीकडे, मिक्सरच्या खोक्याकडे बघत राहिली.
"आज कपाटं विकायला काढलीस की काय?"

सांगितलं तेव्हा ती आत पळाली,
आणि खाऱ्या बांगड्यांची बरणी घेऊन आली.
"पोरीला तिथं कुठं मिळायचे?"
झाकण सैल होतं. फडकं बांधलेलं, तेही तेलकट.
मी "नको गे" म्हणेपर्यंत
सुलक्षानं हात बाहेर काढून बरणी घेतली,
दोन्ही पायांच्या मध्ये धरली.

कोरगावच्या चढावर दुसरा गिअर टाकला.
पाटी न कुरकुरता चढली.
आत सगळं भरून आलं होतं,
तिखट, खारट, आठ दिवसांची मेहनत पाण्यात.

काच खाली कर, म्हणालो.
थंडी आहे, म्हणाली.